दादाची डिस्क

माझा मोठा भाऊ महाडला डॉक्टर आहे आणि मी पोलादपूरच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे त्याच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर रुसला की फोन मला, आणि मीही जरा भाव खाऊनच जायचे. पेशंटच्या नोंदींचा त्याचा प्रोग्रॅम फक्त जुनाट विंडोजवर चालायचा. म्हणून मी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. त्या आतल्या कॉम्प्युटरची अख्खी डिस्क म्हणजे एकच अगडबंब फाइल. दासगाव-तुडीलपासून डोंगरातल्या वाड्यांपर्यंत कुणाला कुठलं औषध सोसत नाही, कोण कुठल्या इंजेक्शनने मरता मरता वाचलं, ते सगळं तिच्यात होतं. त्यातल्या बहुतेकांकडे स्वतःचा असा एक कागदही नव्हता.

सावित्री नदीचं पाणी चढायला लागलं की महाडात सामान माळ्यावर टाकतात. दादाही कॉम्प्युटर माळ्यावरच टाकणार होता. माझा माळ्यावर विश्वास नव्हता. मी ती फाइल त्याच्या पोर्टेबल डिस्कवर घ्यायला गेले, तर डिस्क घेईना. जागा भरपूर होती, पण ती जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली, चार जीबीच्या वरची एकसंध फाइल तिला चालत नव्हती. बाहेर पुराचा भोंगा वाजत होता आणि दादा "आटप गं लवकर" म्हणून डोकं खात होता. फाइलचे तुकडे करता आले असते. दोन्हीकडे चालेल अशा पद्धतीने डिस्क फॉरमॅट करता आली असती. पण मला माझंच खरं करायचं असतं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणून मी डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केली, दोन्ही कॉम्प्युटर केबलने जोडले, फाइल ओढून घेतली आणि मिळेल त्या गाडीने पोलादपूर गाठलं. विंडोजला ही डिस्क वाचता येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. दादाला ते सांगितलं मात्र नाही.

पाणी माळ्यावरही चढलं. कॉम्प्युटर गेला. मी फोनवर "सांगितलं होतं ना?" असं दोनदा म्हटलं आणि दादाने फोन आपटला. पुढे आठवड्याने त्याचा मेसेज आला: नवा कॉम्प्युटर घेतलाय, डिस्क पाठव. खरं तर मीच जायला हवं होतं. पण मी फुगून बसले होते. आमच्याकडे डबे, औषधं, विसरलेले चष्मे, सगळं मिनीडोर रिक्षाने जातं, तशी मी डिस्कही मिनीडोरवाल्याच्या हातात दिली.

"काच हाय काय म्याडम?"

"नाय रे. पण आपटू नकोस."

त्याने ती अगदी मांडीवर ठेवून नेली म्हणे.

दादाने डिस्क लावली आणि पडद्यावर विचारणा आली, की वापरण्याआधी ही फॉरमॅट करावी लागेल, करायची का? आठ दिवस तो तपासायचं टेबल, वजनकाटा, फ्रीज, एकेक वस्तू वापरण्याआधी चिखल काढून धुऊन घेत होता. त्याला वाटलं, हीपण आधी साफच करायची असणार. त्याने हो म्हटलं. डिस्क रिकामी दिसली तेव्हा वाटलं, बहिणीने फाइल कुठेतरी लपवून ठेवली असेल, आली की काढेल. तोवर पंचनाम्यासाठी काढलेले फोटो आणि व्हिडिओ त्याने तिच्यावर भरून ठेवले.

"तू हो कसं म्हणालास?" रविवारी मी दवाखान्यात किंचाळले.

"मग तू एक चिठ्ठी तरी का नाही चिकटवलीस?" तो एवढंच म्हणाला.

दोन दिवस मी तिथेच बसून पुसल्या गेलेल्या फाइली शोधायचे प्रोग्रॅम चालवले. फाइल सापडली, पण तिच्या मधल्या भागावर चिखलाचे फोटो जाऊन बसले होते. मशीन काही केल्या सुरू होईना. मला माझ्या हुशारीची शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत असताना कापडे गावाच्या वरच्या वाडीतली एक म्हातारी आली. पायाची जखम चिघळलेली, अंगात ताप.

"आजी, मागे तुम्हाला कुठल्या इंजेक्शनने त्रास झाला होता?" दादाने विचारलं.

"मला काय ठावं? तुमीच लिवून ठेवलंव ना त्यात."

दादाने हातातली इंजेक्शनची बाटली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंही नाही. मग मीच म्हटलं, "आजी, ते लिहिलेलं गेलं."

तिने माझा हात धरला. माझा चेहराच तसा झाला असावा.

"पान्यात गेला असंल गो. रडू नको. समद्यांचाच गेला."

पाण्यात गेलं नव्हतं. पाण्यातून मी ते वाचवून नेलं होतं.