सासऱ्यांनी आखलेली हद्द

माझ्या सासऱ्यांना सलग पाच मिनिटं खुर्चीत बसलेलं पाहणारा माणूस अख्ख्या संगमेश्वर तालुक्यात सापडायचा नाही. चहा उभ्यानं, पेपर फेऱ्या मारत. आमच्या लग्नाच्या पंगती उठत होत्या तेव्हा हे गृहस्थ तलाठ्याला मांडवाच्या कोपऱ्यात गाठून गावाचा नकाशा समजावत होते. सासूबाई ओरडायच्या, "बूड टेकवा जरा!" की हे पायांत चपला सरकवून बाहेर.

त्यांच्या पायांना भिंगरी लावली होती ती पऱ्यानं. पऱ्या म्हणजे आमच्याकडचा पावसाळी ओढा. ग्रामपंचायतीच्या प्रभागांची हद्द दरवेळी त्याच्यावरून जायची आणि आमची बौद्धवाडी मधोमध कापली जायची. दोन्ही प्रभागांत वस्ती थोडी, म्हणून अनुसूचित जातीची राखीव जागा भलत्याच प्रभागाला. वाडीतला माणूस पंचायतीत कधी गेलाच नाही. सासरे दर निवडणुकीआधी हरकत घेत आणि दरवेळी ती फेटाळली जाई. मला म्हणायचे, "जावयबापू, पऱ्या पान्यासाटी हाय, मानसा कापायला नाय!"

यंदा त्यांनी पऱ्याऐवजी रस्त्याची हद्द सुचवली. भर उन्हात दारोदार फिरून घरांची यादी केली, आजारी म्हाताऱ्यांच्या अंथरुणापाशी जाऊन सह्या-अंगठे घेतले, आणि सुनावणीत उभे राहून इतकं बोलले की साहेबांनी शेवटी हात जोडले. हरकत मंजूर झाली. वाडी एक झाली, जागा राखीव झाली. वाडीत पेढे वाटले गेले.

मग सुधारलेला नकाशा लागला आणि माझ्या बायकोच्या लक्षात आलं. वाडीतलं एकच घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे, आणि ते ह्यांचंच. यादी करायला हे शेजाऱ्याच्या दारापासून निघाले होते. स्वतःला मोजायचं राहूनच गेलं!

मी लगेच दुसरा अर्ज लिहायला घेतला. त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"नको. आता ती रेघ परत उघडली, तर परत पऱ्यावर न्हेतील."

"पण मामा, तुमचं मत?"

"माजा काय, यक मत."

मतदानाच्या दिवशी शाळेच्या एका वर्गासमोर सगळी वाडी नटूनथटून रांगेत उभी होती. पलीकडच्या वर्गासमोर, दुसऱ्या प्रभागाच्या रांगेत, वाडीतली दोनच माणसं होती, सासरे आणि सासूबाई. मला फार वाईट वाटलं. ते मात्र आपली रांग सोडून सारखे इकडे येत होते, कोण आलं, कोण राहिलं ते बघायला.