सोलर पंपावरच्या कुरडया

गेल्या बुधवारी आमची चौथी उसाच्या रानात जाऊन आली. मी कराडहून रोज कडेगाव तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला जाते, तिथली ही गोष्ट.

आदल्या आठवड्यात मी वर्गात शेतीतली शाश्वत ऊर्जा शिकवत होते. कोळसा, धूर, तापणारी पृथ्वी... मुलं अगदी शहाण्यासारखी ऐकत होती. आणि मुलं इतकी शहाण्यासारखी ऐकायला लागली की मला शंका येते, आपलं काहीच पोचत नाहीये.

तेवढ्यात समीक्षा उठली. "मॅडम, आमच्यात सोलर पंप बसवलाय. आमचं पप्पा आता रात्रीचं दारं धरायला जातच न्हाईत."

वर्ग एकदम जागा झाला. आमच्याकडे शेतीची लाइट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घरचा माणूस बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातो... आणि हल्ली उसात बिबट्या असतो. वर्गातल्या बहुतेकांचे वडील असे जातात.

"उनावर कुटं मोटर चालती व्हय? लय फेकतीया ही!" तनुजा म्हणाली. तिचे वडील त्याच आठवड्यात रात्री रानात जात होते. तिच्या आवाजात थट्टा कमी होती, राग जास्त.

समीक्षाचे डोळे भरून आले. "चल की मग. दावते!"

झालं, क्षेत्रभेट ठरली. दोन मुलींचं भांडण मिटवायला अख्खा वर्ग उन्हात न्यावा का, असा प्रश्न मला पडला होता. पण समीक्षाचा शब्द खोटा पडला असता तर ते मला जास्त लागलं असतं.

रानात समीक्षाच्या वडिलांनी आम्हाला पाइपाच्या तोंडाशी उभं केलं. पंपाची पेटी पॅनलच्या मागच्या खांबावर होती, तिथं जाऊन त्यांनी बटण दाबलं. पाइपातून गुरगुर आली, हवा आली... आणि मग करंगळीएवढी धार. तीही थांबत थांबत.

"एवढ्यात तर चिमणी पण भिजायची न्हाई," तनुजा म्हणाली. सगळे हसले. समीक्षा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागली.

मी घाईघाईनं समजावायला लागले, पॅनलवर धूळ असेल, ढग आला असेल... वर एक ढग नव्हता. माझं मलाच पटेना.

"काल तर फुल्ल चालत हुतं की ओ मॅडम," तिचे वडीलही गोंधळले.

समीक्षा पळत पॅनलच्या पुढच्या बाजूला गेली. आणि तिकडून आवाज आला... "आज्जेऽऽ! अगं हितं कुरडया घातल्यास व्हय!"

आम्ही सगळे धावलो. पॅनलच्या खालच्या अर्ध्या भागावर एक सुती साडी पसरलेली, टोकं सुतळीनं स्टँडला बांधलेली. तिच्यावर ओळीनं पांढऱ्याशुभ्र, ओल्या कुरडया!

त्यांचं घर रानातच; आजी पदराला हात पुसत गोठ्यातून आल्या. "मग काय करू? अंगणात कोंबड्या नाचत्यात, पत्र्यावर मला चढवत न्हाई. हितं हाताला येतंय, ऊन बी झकास." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "ऊन काय तुझ्या मोटारीनं इकत घेतलंय व्हय रं?"

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग लगेच वाटलं, आजींना आपण त्यांना हसतोय असं वाटलं तर? म्हणून म्हटलं, "आजी, साडी हळूहळू बाजूला घ्याल का? पोरांना बघू दे काय होतंय ते."

सुतळी सोडून आजींनी एक बाजू धरली, लेकानं दुसरी. पाळणा उचलावा तशी साडी अलगद सरकायला लागली. अर्धा वर्ग तिथं, अर्धा पाइपापाशी. "वाढलंऽ! वाढलंऽ! अजून!" धार मनगटाएवढी झाली, आणि मग पाइप भरून असं पाणी आलं की पुढं उभी असलेली तनुजा नखशिखान्त भिजली.

"आता परत झाका!" झाकलं. धार बारीक. "सोडा!" सोडलं. पाणी धो धो... चौथ्या-पाचव्या खेपेला तर आजीच ओरडून विचारत होत्या, "झाकू का रं? सोडू?" साडीवरून घसरलेल्या कुरडया पोरांनी तिथंच फस्त केल्या. (फोटो काढलेत, पण घरच्यांना विचारायचं राहिलं, म्हणून टाकत नाही.)

निघताना ओलीचिंब तनुजा समीक्षाजवळ गेली. "म्हंजे तुझं पप्पा खरंच रात्री घरी झोपत्यात?"

"व्हय. घोरत्यात पण!"

तनुजा हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, ऊन तर आमच्या रानात पण पडतंय की..."

मला योजना, अर्ज, थांबावं लागणारे महिने हे सगळं माहीत होतं. त्यातलं काहीच तिला सांगवेना. समीक्षाचे वडील मात्र खाली बसले आणि म्हणाले, "पप्पाला घिऊन ये सांच्याला. आमी कसं केलं ते समदं सांगतो."

"आजच आणते," ती म्हणाली. आणि परतीच्या रांगेत सगळ्यांत पुढं जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी हजेरीआधीच तिनं सांगितलं, पप्पा जाऊन आले. पंप लगेच मिळत नाही, तेही तिला कळलंय. पण तिचं आणि समीक्षाचं आता एकाच बाकावर चाललंय.

मी शिकवत होते ते चूक नव्हतं, असं अजूनही वाटतं. फक्त मी फार लांबून सुरुवात केली होती. आजींचे मनापासून आभार... पुढच्या वर्षी हा धडा कोळशापासून सुरू करणार नाही. आधी विचारेन, "रात्री तुमच्या घरी कोण नसतं?"