काकांचा गाणारा कम्पुटर

बोटवाले काका गाऱ्हाणं घातल्याशिवाय नव्या वस्तूला हात लावत नसत. कुकर असो की मिक्सर, आधी देवापुढे नारळ, मग सगळ्यांचं ‘व्हय म्हाराजा’, मग बटण. देवबागात आमच्या कुंपणाला लागून त्यांचं घर. ते मालवाहू बोटीवरून सुट्टीवर आले की अख्खी वाडी त्यांच्या पडवीत.

एकदा त्यांनी परदेशातून टीव्हीला जोडायचा कम्पुटर आणला. आमच्याकडे टीव्हीवर एरवी मुंग्याच दिसत, त्यामुळे कुणाची गैरसोय झाली नाही. काकांना त्यात काकीचं गाणं भरायचं होतं. चतुर्थीच्या फुगड्यांत काकी गायला लागली की ऐकत राहावं; पण टेपरेकॉर्डर पुढे ठेवला की तिची दातखीळ बसे.

“बोटीर माका हिचा गाणा व्हया,” काका म्हणत, “आणि ही टेप बघून मुकी होता!”

काकी मासे कापताना गुणगुणे आणि काका दाराआडून ऐकून एकेक सूर आकड्यांनी कम्पुटरात भरत. शेवटी तो वाजला. काकी तशाच ओल्या हातांनी बाहेर आली.

“ह्यो माझो आवाज? मांजराची शेपटी चेंगारलात की काय?”

कम्पुटर बंद केला की त्यातलं सगळं पुसलं जाई, त्यामुळे तो रात्रंदिवस चालूच असे. म्हणून सुट्टीच्या शेवटच्या दिवशी ती चाल कॅसेटवर उतरवायचं ठरलं. काकांनी घाईघाईत टेपचं रेकॉर्डिंगचं बटण आधीच दाबलं, जोडायची वायर खिशातच राहिली, आणि गाऱ्हाणं सुरू झालं.

“बा देवा म्हाराजा, गाणा कॅसेटीत उतरताना लायट जावक देव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आणि लाइट गेली. टीव्ही काळा, चाल गायब. काकांचा चेहरा बघवेना. काकीला तर मुळीच बघवेना. “गप ऱ्हवा आता,” म्हणत ती त्यांच्याशेजारी टेकली आणि चक्क गायला लागली. टेप सेलवर चालत होता. कॅसेट फिरतेय हे काकांनी पाहिलं, आम्हाला डोळ्यांनीच दटावलं आणि दुसऱ्या दिवशी ती गुपचूप बॅगेत टाकून बोटीवर गेले. काकीला ते पुढच्या सुट्टीत कळलं. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. दर चतुर्थीला काकी ती कॅसेट लावते. काकांचं गाऱ्हाणं सुरू होतं, आणि काकी चुलीपुढून मोठ्याने म्हणते, “व्हय म्हाराजा!” मग उठून टेप बंद करते.

“काकी, पुढचं गाणं ऐकू दे ना,” मी म्हणतो.

“माझा गाणा माका कित्या व्हया?”