जावेच्या कडेवरची माझी लेक

ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त लाज वाटते, ती आधीच सांगून टाकते. मला माझ्या थोरल्या जावेचा हेवा वाटत होता. बालरोगाच्या एमडीचं माझं दुसरं वर्ष चालू होतं. हॉस्पिटल फार लांब नव्हतं, पण ड्युट्याच अशा, की इंदुरीला घरी जाणं आठ-दहा दिवसांतून एकदा व्हायचं. नवरा आंबीच्या कारखान्यात शिफ्टला. त्यामुळे आमची सव्वादोन वर्षांची सई जावेजवळ वाढत होती. मी त्यांना ताई म्हणते. त्यांची दोन्ही मुलं कॉलेजात पोचलेली. जरा मोकळं व्हायच्या वयात त्यांनी पुन्हा दुपटी धुतली, मऊभात भरवला, आणि एका शब्दाने कुरकुर केली नाही. हे सगळं मला कळत होतं. कळूनही हेवा कमी होत नव्हता.

वॉर्डात परक्यांची रडणारी मुलं माझ्याकडे आली की शांत व्हायची. घरी गेले की माझी स्वतःची लेक ताईंच्या पदराआड लपायची. एकदा मी तिला भरवायला बसले, तर तोंड फिरवून म्हणाली, "तू नको. आई." आई म्हणजे ताई. त्यांच्या मुलांचं ऐकून तीही त्यांना आईच म्हणायची, मी मम्मी. मी हसून वाटी ताईंच्या हातात दिली आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. पुढे पुढे मी त्यांच्या चुका शोधायला लागले. सईला सर्दी झाली की डोकं नीट पुसलं नसेल, जेवली नाही तर मध्येच बिस्किट दिलं असेल. डॉक्टर म्हणून बोलतेय असं दाखवायचे; खरं तर आतून जळत असायचे. शेवटी मी मनाशी ठरवलं, एमडी सोडायची. कुणालाच बोलले नव्हते. एकवीरा आई आमची कुलस्वामिनी. तिची ओटी भरायची, माझी लेक मला परत दे म्हणायचं, आणि घरी येऊन सगळ्यांना सांगायचं.

एका रविवारी सकाळी ड्युटी संपवून मी तशीच कार्ल्याला, एकवीरेच्या डोंगराच्या पायथ्याशी गेले. पोटात आदल्या दिवसापासून चहाखेरीज काही नव्हतं. ताई आणि सई घरून आल्या होत्या. नवरा त्यांना सोडून गाडी लावायला गेला, आम्ही पुढे निघालो. पायऱ्या सुरू झाल्या तशी सईने ताईंकडे हात पसरले. मी तिला मध्येच उचललं.

"आगं, तू जागरणाची हाईस," ताई म्हणाल्या. "मी घेते की तिला."

"ताई, ती माझी मुलगी आहे. हे दर वेळी सांगायला लागू नये मला."

आजूबाजूच्या चार बायका वळून बघायला लागल्या. ताईंचा चेहरा उतरला. ओटीची पिशवी उचलून त्या माझ्या मागून चालू लागल्या.

सई रडत होती, लाथा झाडत होती. मी चढत राहिले. कुणीतरी आईचा उदो म्हणत होतं, पण माझ्या तोंडून नाव निघेना. एवढी मी रागाने भरले होते. निम्म्या वाटेवर अचानक ऊन पांढरंफटक झालं आणि पायऱ्या दिसेनाशा झाल्या. सई हातातून निसटतेय आणि खाली दगडी पायरी आहे, एवढंच कळत होतं. तिचा फ्रॉक मी मुठीत गच्च धरला होता. तेवढ्यात वरून उतरणारी कुणी बाई समोर आली. मला दिसले ते फक्त कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेले दोन हात.

"सोड बाय. म्या धरलीया पोरीला."

माझी बोटं उघडेनात. ती पुन्हा म्हणाली, "आगं, सोड." मी सोडलं. त्याच वेळी मागून कुणीतरी माझ्या कमरेला घट्ट विळखा घातला.

शुद्ध आली तेव्हा माझं डोकं ताईंच्या मांडीवर होतं आणि त्या मला घोटघोट सरबत पाजत होत्या. सई शेजारी बसून माझ्या पायाला हात लावून बघत होती.

"ती बाई कुठं गेली?"

"पोर माज्याजवळ दिली अन् गेली खाली. गर्दीत तोंडबी नीट दिसलं न्हाई."

मग मला धीर धरवेना. तिथेच पायरीवर मी सगळं सांगून टाकलं, हेवा आणि शिक्षण सोडायचा बेतसुद्धा. ताईंनी सरबताचा पेला खाली ठेवला.

"तू माजा हेवा करतीस? आगं, मी तुज्यावर जळते," त्या म्हणाल्या. "तू गेलीस की ही दोन दिस दारात उभी ऱ्हाती. मम्मी कुटं, मम्मी कुटं. माज्या हातचा घास थुकती. तू आलीस की रुसून माज्यामागं लपती. रुसायला आपलंच मानूस लागतं बाय."

"मग मला कधी बोलला का नाहीत?"

"बोलले आसते तर त्याच दिशी शिकनं सोडून आली आसतीस." त्यांनी पदराने डोळे पुसले. "आन् खरं सांगू का? ती आई म्हनायची ते मला लय ग्वाड वाटायचं. म्हनूनबी न्हाई बोलले."

वर देवळात आम्ही दोघींनी मिळून ओटी भरली. आईसमोर उभी राहिले तर मागायचं काही सुचेना. नुसते हात जोडून उभी राहिले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

मी शिक्षण सोडलं नाही. एमडी पुरी केली. आता लोणावळ्यात काम करते आणि रोज घरी जाते. ती बाई कोण होती, मला माहीत नाही आणि मी शोधही घेतला नाही. तिने सोड म्हटलं आणि मला सोडता आलं, एवढ्यासाठी मी एकवीरा आईची जन्मभर ऋणी आहे. सई माझी आहे, पण माझ्या एकटीच्या बळावर वाढत नाही, हे मान्य करायला मला पायरीवर कोसळावं लागलं.

हेवा पार गेला असं मात्र म्हणणार नाही. गेल्या महिन्यात सईचा पहिला दात पडला. तो तळहातावर घेऊन ती धावत आली आणि मला ओलांडून ताईंकडे गेली. आत बारीकशी कळ उठलीच. मग मी उठले, त्या दोघींच्या शेजारी जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मलाही बघू दे."