टाकीतलं मीठ

परसात गोबरगॅस बसवला तेव्हा बसवणारा म्हणाला होता, "ही टाकी जिवंत आहे असं समजा. वेळच्या वेळी खायला घाला." आमच्या सासूबाईंनी ते फारच मनावर घेतलं. मी शेण आणि खरकटं ओतलं की मागून त्या खारवलेल्या मासळीच्या पिंपातलं पाणी ओतायच्या. "जीव हाय ना तिला? मग अळनी कशी जेवल?" मिठाने आतले जिवाणू मेले आणि शेगडी विझली. मी त्यांना नाही नाही ते बोलले.

टाकी उपसून धुतली, पुन्हा भरली. काही दिवस निळी ज्योत दिसली. मग उधाणात खाडीचा बांध फुटला आणि विहीर खारी झाली. त्याच पाण्यात शेण कालवत राहिलो, ज्योत पुन्हा गेली. आता कुणाला बोलू? समुद्राला?

सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. बांध फुटल्याचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. रोज विचारतात, "शेगडी पुन्ना इझली ती माज्याच मिठानं ना गं?"

मी हो म्हणते. त्यांचं मीठ निदान धुता येत होतं.