थोरलीचं नाक आणि जुनी गाडी

थोरलीला वास येत नाहीये, आणि सकाळी ती गाडी घेऊन घाट चढणार आहे. कुशी बदलून बदलून कंटाळले, शेवटी उठून लिहायला बसले.

सर्दी गेली पण नाक काही उघडलं नाही. हे तिनं मला सांगितलंच नाही. जावयांनी सांगितलं, तेही गंमत म्हणून. "आई, आज दूध पार करपलं. शेजारीण धावत आली, आणि ही गॅसपासून हातभर अंतरावर भाजी चिरत बसलेली!" ते हसले, मीही हसले. फोन ठेवला आणि हसू मावळलं.

कारण ती गाडी नाकावर चालवते.

गाडी तिच्या बाबांची, आमच्या धाकट्यापेक्षाही वयानं मोठी. लग्न झाल्यावर "मला तेवढी गाडी द्या" म्हणून ती घेऊन गेली. आता त्याच गाडीतून आजारी माणसांना घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात नेते-आणते. चांगली नोकरी सोडून हे काय ड्रायव्हरकीचं खूळ, असं सगळे म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि टायर बदलून आणले.

इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा कधीचा बिघडलाय. दोनदा नवा बसवला, दोनदा तो मध्यावर रुसून बसला. तेव्हाच बाबांनी तिला शिकवलं, "काट्याचं ऐकू नकोस. इंजिन तापायच्या आधी कुठून तरी गळायला लागतं. इंजिन थंड ठेवणारं ते कूलंटचं पाणी गळलं की गोडसर वास येतो, पाक करपल्यासारखा. तो आला की गाडी कडेला." शाळेत होती ती तेव्हा. सुट्टीच्या दिवशी दोघं बॉनेटखाली डोकी घालून उभे असायचे. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडायचं, पातळी बघायची, रबरी पाईप बोटांनी दाबायचे. लिबलिबीत लागला तरी वाईट, कडक लागला तरी वाईट. बाबा तिला 'फोरमन' म्हणायला लागले ते तेव्हापासून.

आहेच ती फोरमन. एकदा गॅरेजवाल्यानं, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅटच काढून टाकला. "कशाला हवा, ताई? त्याच्याशिवाय गाडी थंड राहते." झालं, इंजिनाला धड ऊब येईना, पेट्रोल मात्र ढोसायला लागलं. ही त्याच्या दारात जाऊन उभी. "दादा, उकडतं म्हणून तुम्ही घराचं दार काढून ठेवता का?" तो हसत हसत नवा थर्मोस्टॅट घेऊन आला.

पण स्वतःबद्दल कुणी काही बोललं की संपलं. नाकावर माशी बसू देत नाही. रात्री मी फोनवर विषय काढला.

"वास येत नाही तर उद्या नको ना जाऊस."

"आई, मास्तरांचं डायलिसिस आहे. ते माझ्या सर्दीसाठी थांबणार आहे का?"

"दुसरी गाडी बघ त्यांना."

"बघितली. नाही मिळाली. मी मध्ये मध्ये थांबून तपासेन ना."

"आणि तो रेडिएटरचा खालचा पाईप? कालच नवा बसवलास म्हणे."

"बाबांनी चहाडी केली वाटतं! क्लिप मी स्वतः आवळलीय. झोप तू."

मागून हे ओरडले, "फोरमन, तुझी आई इंजिनाच्या आधी उकळते!" बापलेक पोट धरून हसले. हे आता घोरतायत.

पण नव्या पाईपची क्लिप पहिल्याच लांब चढावर सैल पडते, हे मी ह्यांच्याच तोंडून ऐकलंय. पाणी निघून जाईल, काटा मध्यावरच राहील, आणि हिला काही कळणार नाही. दोन वळणांमधलं अंतर पुरेसं असतं इंजिन जाम व्हायला. मागच्या सीटवर मास्तर. त्यांना उशीर सोसत नाही.

मास्तरांबरोबर त्यांची बायको असते. त्या बाईंचा नंबर थोरलीनं अडीअडचणीला म्हणून मला देऊन ठेवलाय. वाटलं, त्यांनाच सांगावं, गोडसर वास आला तर गाडी थांबवा. फोन हातात घेतला आणि परत ठेवला. ड्रायव्हरच्या आईचा असला फोन आल्यावर त्या बाईंनी काय समजायचं? पुन्हा बसतील का हिच्या गाडीत? आणि पाठीमागून केलेलं थोरली कधीच विसरणार नाही.

हे तिनंच सांगायला हवं. निघायच्या आधी कूलंटच्या डब्याचं झाकण त्यांच्या नाकाशी धरायचं आणि म्हणायचं, "मला सध्या वास येत नाही. हा आला की लगेच बोला." तिला कमीपणा वाटेल. वाटू दे. आजवर तिनं गाडीच्या बाबतीत कुणाची मदत मागितलेली नाही, एकदा मागेल.

पहाटे निघण्याआधी, इंजिन गार असताना, ती बॉनेट उघडून उभी असते. तेव्हा फोन करायचा, तिलाच. नको जाऊस असं म्हणायचं नाही, तेवढं झाकणाचं सांगायचं. "आई, परत?" म्हणेल, चिडेल, कदाचित अर्ध्यावर ठेवूनही देईल.

मग पुन्हा लावीन.