कुरूप स्वेटरचा काळा टाका

दर हिवाळ्यात मी पेटीतून तो स्वेटर काढून उन्हात वाळत घालते. त्याचे घुंगरू वाजले की आई आठवते.

माझी मुलगी पुण्यात नोकरीला लागली, त्या डिसेंबरात तिचा फोन आला. ऑफिसच्या नाताळ पार्टीत सगळ्यात कुरूप स्वेटर घालून येणाऱ्याला बक्षीस होतं. ऐकूनच माझं डोकं फिरलं. आमच्या लहानपणी उसवलेल्या लोकरीचे तीनरंगी स्वेटर अंगात असायचे, तेव्हा कोणी बक्षीस दिलं नाही!

आई मात्र खुलली. वरठीच्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून तिनं एक भडक लाल स्वेटर उपसून काढला. त्यावर फाटक्या हिरव्या लुगड्याचं झाड शिवलं. झाडाला तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात त्या लाकडी बैलाचे घुंगरू आणि गोंडे टांगले. वर एक बाही काढून दुसऱ्याच स्वेटरची मोरपंखी बाही जोडली. इतकं भयंकर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सगळं झाल्यावर तिनं सुईत काळा धागा ओवला आणि गळ्याच्या आतल्या बाजूला एक टाका घातला. नजर लागू नये म्हणून घरातल्या प्रत्येक लेकराच्या नव्या स्वेटरला ती असा टाका घालायची.

मला हसू आवरेना. "आई, एवढ्या कुरूप स्वेटरले कोनाची नजर लागन?"

"स्वेटरले कायले लागन?" दातानं धागा तोडत ती म्हणाली. "आतमंदी माही नात हाये ना."